टटल वकिलाने थांबवलेलं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे. ओहायो नदीकाठच्या एका राज्याच्या विधानसभेत, सभापतींच्या डोक्यावर माझा जन्म गेला. कनेक्टिकटच्या कारागिराने मला चेरीच्या लाकडात घडवलं, तेव्हा त्याला वाटलं असेल, पोर मोठ्या लोकांत राहील. राहिलं खरं. मोठे लोक दिवसभर तंबाखू चघळायचे आणि पिकदाणी सोडून बाकी सगळं रंगवायचे.

त्यांतला शिरोमणी म्हणजे लायसँडर टटल. आधी वकील, खोगिराला कायद्याची दोन पुस्तकं बांधून गावोगावच्या कोर्टांत फिरणारा. मग तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभं राहून भाषणं ठोकली, लोकांना फुकट व्हिस्की पाजली आणि आमदार होऊन आमच्या उरावर बसला. आवाज असा, की बैलाने लाजावं. डोकं हॅट अडकवायला बरं होतं.

त्या वर्षी हेप्झिबा क्रोवेल नावाची बाई त्याच्याकडे खेटे घालत होती. बापाने लावलेली सफरचंदाची बाग तिला मिळाली होती; पण लग्न झालं की बायकोचं ते सगळं नवऱ्याचं, असा तेव्हाचा कायदा. नवरा दारुडा, बाग रेल्वेवाल्यांना विकायला निघालेला. बाग तिच्याच नावावर राहावी म्हणून टटलने एक छोटं विधेयक मांडलं होतं. "निर्धास्त राहा बाई, तुमची बाग ती माझी बाग," असं तिच्याच घरी सफरचंदाची गोड पाई चापताना तो म्हणाला होता. बिचारीने हे कौतुकाने आमच्या दारवानाला, म्हाताऱ्या एमॉसला सांगितलं. मी वरून ऐकत होतो.

अधिवेशनाचा शेवटचा दिवस आला. माझे दुपारचे बाराचे टोले पडले की सभा संपली, उरलेलं सगळं बारगळलं, असा नियम. बाराला पाच कमी होते आणि रेल्वेचं विधेयक अजून बाकी होतं. टटल उठला आणि काठीने त्याने माझा लंबक अडवला. हा तिथला जुना रिवाज. बाहेर चर्चची घंटा बाराचे टोले देत होती, आणि आत हे सगळे शहाणे अजून बारा वाजायचेत असं धरून बसले होते. आरामात रेल्वे मंजूर झाली.

"आता माझं घ्या, वकीलसाहेब," क्रोवेलबाई वरच्या प्रेक्षकांच्या सज्ज्यातून म्हणाली.

"वेळ कुठे आहे, बाई?"

"घड्याळात पाच मिनिटं आहेत की."

एमॉस खाकरला. "आहेत खरी, साहेब. मघाशी तुम्हीच ठेवलीत."

सभागृह हसलं. टटलही हसला, निर्लज्ज मेला. रूळ तिच्याच बागेतून जायचे होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने काठीच्या टोकाने माझा मोठा काटा बारावर ढकलला आणि मला टोले द्यावे लागले. बाई सज्ज्यात उभीच होती. बारावा टोला पडायच्या आत आमदार हॅटा चढवून जेवायला निघालेसुद्धा.

वसंतात बाग तोडली. झाडं नुकती फुलली होती. टटल त्या रेल्वे कंपनीचा वकील झाला, मग सिनेटर झाला, आणि मेल्यावर त्याचा पुतळा झाला. कबुतरं त्या पुतळ्याशी जशी वागतात तसं मला कधी वागता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मी संग्रहालयात आहे. माझ्याखालच्या पाटीवर लिहिलंय, 'थोर सिनेटर टटल यांचा हात लागलेलं घड्याळ'. वाचून माझा लंबक किळसेने थरथरतो. मित्रांनो, माझी काच पुसा, मला किल्ली द्या, उपकार होतील. पण वेळ संपली असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर काट्यावर कोणाची काठी आहे ते आधी बघा. आणि क्रोवेलबाईसारखं सगळ्यांदेखत, मोठ्याने विचारा.