तीन परस

डोळे मिटा बरं जरा. तुमच्यासमोर एक दगडी बारव आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर. एका बाजूने पायऱ्या खाली पाण्यापर्यंत उतरतात. समोरची भिंत मात्र सरळ, उभी. त्या भिंतीच्या माथ्यावर, जुन्या काळी मोट ओढायला बसवलेला एक लांबट दगड पुढे आलेला आहे. खाली हिरवंगार पाणी, इतकं गढूळ की हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. दिसलं? आता त्या दगडाच्या टोकावर एक मोठा माणूस उभा करा. आणि खाली, शेवटच्या कोरड्या पायरीवर, हातात मोबाईल धरून एक मुलगी उभी करा. तिचं नाव सुकन्या. वय अकरा. वर उभा आहे तो तिचा मामा, संगमेश्वर.

मामा असा तिथे का चढला, ते आधी सांगायला हवं.

मामाचं लातूरला भांड्यांचं दुकान. लहानपणी तो मुरुडला आजोळी जायचा, तेव्हा बाजाराच्या मैदानात तंबू ठोकून सिनेमा दाखवत. तिथे त्याने 'पाण्यातली घंटा' नावाचा सिनेमा अकरा वेळा पाहिला होता. त्यात चिमी नावाची मुलगी देवळाची घंटा काढायला बारवेत उडी मारते. तिचा भाऊ खालून ओरडतो, "चिमे, थांब!" एकदा, दोनदा, तीनदा. आणि तिसऱ्या हाकेला ती उडी घेते. मामाचे मित्र अजून भेटले की एकमेकांना "चिमे, थांब!" म्हणूनच हाक मारतात.

यंदा सुट्टीत सुकन्या लातूरला आली आणि मामाने ठरवलं, सिनेमा जिथे पाहिला आणि जिथे जिथे काढला ती सगळी ठिकाणं भाचीला दाखवायची. सकाळी मुरुडचा बाजार झाला. दुपारी कंधारचा किल्ला झाला, तिथल्या दरवाजात चिमी लपते. आणि उन्हं कलताना ते कंधारजवळच्या शेतातल्या या बारवेपाशी पोचले.

शेताचे मालक शेषेराव काका बांधावरच भेटले.

"शिनिमा? हाव, हितंच काढला की," काका म्हणाले. "म्या तवा इतका होतो. धा दिवस गाव लोटलं होतं बघायला."

"आन् चिमीनं उडी हितूनच मारली?" मामाने मोटेच्या दगडाकडे बोट केलं.

"हितूनच. दिवाळी होऊन गेली होती तवा."

"किती खोल हाय, काका?"

"तीन परस."

मामाचा चेहरा उजळला. "सुके, ऐकलंस का? सिनेमात चिमी काय म्हणती? 'तीन परस पाणी हाय, घाबरू नको!' तेच निघालं बघ!"

"परस म्हणजे काय, काका?" सुकन्याने विचारलं. ती पुण्यात शिकते. तिला परस म्हटलं की घरामागचं अंगण आठवायचं.

काका हसले. त्यांनी बांधावर ताठ उभं राहून दोन्ही हात डोक्यावर सरळ केले. "हे बघ. पायाच्या अंगठ्यापासून ह्या बोटापत्तूर. एवढा एक परस. आमी हीर खांदताना असंच मोजतो. बसा, चहा सांगून येतो घरी." आणि ते निघून गेले.

काका दिसेनासे झाले तसा मामाने सदरा काढला. गळ्यातल्या इष्टलिंगाची दोरी नीट आवळली.

"मामा, काय करताय?"

"उडी! लातूरच्या तळ्यात पोहून वाढलोय मी. दोस्तांना सकाळीच कळवलंय, आज चिमीच्या उडीचा व्हिडिओ येणार म्हणून. तू खाली जा. मोबाईल धर. आन् भावाचं काम तू करायचं. तीन हाका. तिसरीला मी उडी मारतो."

"आईनं सांगितलंय, विहिरीत उतरायचं न्हाई."

"अक्का माझ्या लग्नातबी म्हणली होती, घोड्यावर बसू नको. जा!"

सुकन्या पायऱ्या उतरली. खाली गार होतं, कुबट वास येत होता. वरून मामाचा आवाज आला तो चारी भिंतींवर आपटत, अर्धा फुटून.

"चालू कर!"

तिने मोबाईल उभा धरला. पडद्यावर इवलासा मामा. तो दगडाच्या टोकाशी आला आणि सूर मारायला त्याने दोन्ही हात डोक्यावर सरळ केले.

"चिमे, थांब!" सुकन्या ओरडली. बारव घुमली.

मामा ताठ झाला.

"चिमे, थांब!"

मामाने टाचा उचलल्या. सुकन्याची नजर पडद्यावर खिळली. हात वर करून उभा असलेला माणूस. पायाच्या अंगठ्यापासून बोटांपर्यंत. असेच तर काका उभे राहिले होते! मामा म्हणजे एक परस.

तिने पडद्याला बोट लावलं. मामा तिच्या बोटाच्या एका पेराएवढा दिसत होता. मग मामाच्या पायांपासून खाली मोजलं. एक पेर. दोन पेरं. आणि आणखी अर्धं. तिथे पाणी सुरू होत होतं.

अडीच परस तर नुसती भिंतच होती.

काकांनी तीन परस सांगितलं ते पाणी नव्हतं. विहीर खणताना मोजतात तसं ते वरच्या दगडापासून तळापर्यंत होतं. सिनेमाच्या वेळी, दिवाळीनंतर, बारव भरलेली होती. आता वैशाख होता. खाली उरलं होतं अर्धा परस पाणी, त्यातही गाळ किती आणि दगड किती, कोण जाणे. आणि मामा डोकं खाली करून सूर मारणार होता.

तिच्या ओठांवर शब्द आला, "थांबा". तिने तो तिथेच दाबला. त्याच शब्दावर तर मामा उडी मारणार होता!

"मामा, पाणी न्हाई!" ती किंचाळली. भिंतींनी त्याचं "...णी हाई, ...णी हाई" करून टाकलं.

"हाय की पाणी! तीन परस हाय!" मामा वरून हसला. "ॲक्टिंग लई भारी! आता तिसरी हाक दे."

सुकन्याने मान जोरजोरात हलवली. मोबाईल खाली घेतला. मामाने ते पाहिलंही नसेल, त्याची नजर पाण्यावर होती.

"अगं म्हण की! किती वेळ उभा राहू असा?"

वर धावत जावं? वीस पायऱ्या होत्या. काकांना हाक मारावी? काका घरी होते.

"भ्यालीस व्हय? बरं, ऱ्हाऊ दे. तिसरी मीच म्हणतो."

मामाने मोठा श्वास भरला. छाती फुगलेली तिला खालून दिसली. पुन्हा हात वर गेले. पुन्हा टाचा उचलल्या.

"चिमे..."

पायरीच्या कडेला भिंतीशी एक कळक टेकवून ठेवलेला होता, शेवाळ बाजूला सारायचा लांब बांबू. सुकन्याने मोबाईल पायरीवर टाकला, दोन्ही हातांनी कळक उचलला आणि पायऱ्यांच्या पुढे, मधल्या पाण्यात सरळ खाली खुपसला. ठक्क करून तो दगडावर आपटला. तो आवाज कुठेही फुटला नाही. बारवभर घुमला. तिने कळक लगेच वर ओढला, डोक्यावर आडवा धरला, आणि मामाला दिसेल अशी, जिथे ओलं संपून कोरडं सुरू होत होतं तिथे आपली मूठ घट्ट आवळली. ओलं जेमतेम तिच्या छातीएवढं होतं; वर मामाची हाक अर्धीच राहिली आणि त्याच्या टाचा पुन्हा दगडावर टेकल्या.