तव्याला भिणारी देवी

मातीबाबांच्या मांडवापुढे सकाळपासून रांग लागली होती, आणि ती मूठभर मातीसाठी. रत्नागिरीकडे कातळच फार, त्यामुळे मातीचं अप्रूप मी समजू शकतो. पण ही माती साधी नव्हती. आमच्या वाडीनं कातळावर माती ओतून नवी जमीन केली होती. तिच्यात दोन वर्षं कुळीथ पेरला. दोन्ही वर्षं कावीळ झाल्यासारखा पिवळा पडला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे चौतीस साली, भागोजी गावकरानं बाबांची माती बियाण्याला चोळली, आणि कुळीथ हिरवागार! यंदा मग सगळी वाडी रांगेत.

“बारा वर्षं हिमालयात मंत्र घातलाय हिच्यात!” बाबा ओरडत होते. “गुळाच्या पाण्यात कालवा, बियाण्याला चोळा. विस्तवाजवळ मात्र नेऊ नका. देवी कोपेल!”

चिमाची पाळी आली. तिचा नवरा बोटीवर गेला तो परतला नाही. घरात दोन लहान पोरी, आणि कातळावरची एक पट्टी. वर्षाची कुळथाची पिठी त्या पट्टीतून निघायची. म्हणजे निघायला हवी होती.

बाबांनी मूठ मिटली. “पांढऱ्या कपाळाच्या हाती देवी जात नाही. जमीन माझ्या मठाला वाहून टाक.”

भागोजी पुढे सरसावला. “शिमग्यापर्यंत बघू, चिमे. पीक पिवळं ऱ्हायलं तर पट्टी मठाची. तुझ्यापायी आमच्यावर कोप नको.”

चिमा तडक माझ्या ओसरीवर आली. तिथं शाळेचे हरिश्चंद्र मास्तर चहा घेत होते. तिचं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

“मांडवात रोज होमापुढे बसणारी देवी विस्तवाला कशी भिते हो?” ते म्हणाले. “चिमा, तुझ्या पट्टीत तीन वाफे करू.”

पहिल्या वाफ्यातल्या बियाण्याला बाबांची माती. ती भागोजीच्या बायकोनं, येसूबाईनं, गुपचूप दिली. दुसऱ्यात तीच माती, तासभर तव्यावर भाजून. तिसऱ्यात माझ्या परसामागची माती. तिथं चाळीस वर्षं कुळीथ होतो, आणि मंत्र म्हणाल तर मी बैलाला घातलेल्या शिव्या तेवढ्या.

“मास्तर, बियाणं एवढंच हाय,” चिमा म्हणाली. “उगवलं न्हाय तर माझ्या पोरी तुमचं पुस्तक खातील? मधला वाफा लहान करा. तुमच्या शहाणपणाला जास्त बी कशाला घालू?”

पाच-सहा आठवड्यांनी सगळी वाडी बांधावर जमली. पहिला वाफा हिरवा, तिसराही हिरवा. मधला पिवळा.

“बघा!” बाबा गरजले. “भाजली म्हणून कोपली!”

“कबूल,” मास्तर म्हणाले. “मग तिसऱ्यात कोण पावलं? तिथं तुमची देवी गेलीच नव्हती.”

बाबांनी डोळे मिटून समाधी लावली. अडचणीच्या वेळी ती लगेच लागते.

मास्तरांनी रोपं उपटली. हिरव्याच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. नखानं फोडल्या तर आत गुलाबी. पिवळ्याची मुळं साफ. मग त्यांनी शेतकी खात्यातल्या मित्राकडून आणलेली काचेची नळी काढली. असल्याच गाठींतले जंतू तीत वाढवले होते. काडी बुडवून वर काढली, तर चिरलेल्या भेंडीसारखी तार आली.

“शी! शेंबूड!” चिमा म्हणाली.

“शेंबूडच, पण साखरेचा,” मास्तर म्हणाले. “हे जंतू इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. अंगाभोवती साखरेचा चिकट अंगरखा करतात आणि त्यात कोरड्या मातीतही तग धरतात. मुळात शिरले की गाठ होते, आणि हवेतलं खत झाडाला मिळतं. जुन्या शेतात ते होते, आपल्या नव्या जमिनीत नव्हते. अंगरखा उन्हाला पुरतो, तव्याला पुरत नाही. मूळ त्यांना आत का घेतं, ते विद्वानांनाही अजून नीट कळलेलं नाही. पण ते तसं लिहून ठेवतात, त्यावर मठ बांधत नाहीत.” मग ते बाबांकडे वळले. “माझा मित्र म्हणतो, असल्या मातीच्या पाट्या वाहणारा एक गडी चार वर्षांपूर्वी सरकारी मळ्यातून पळाला. डाव्या हाताला सहा बोटं.”

समाधीतल्या बाबांचा डावा हात हळूच कफनीत गेला. संध्याकाळी मांडवात फक्त बांबू उरले होते. पट्टी चिमाचीच राहिली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी मास्तरांबरोबर परसामागं जातो तर माझ्या शेतात नारळ, गुलाल, आणि हात जोडलेला भागोजी.

“बाबा चोर निघाला,” तो गहिवरून म्हणाला, “पण जागृत जागा खरी हीच!”

मास्तर कपाळाला हात लावून बांधावर बसले. अकरा वर्षं याच वाडीत शिकवत होते बिचारे. मीही त्यांच्या शेजारी बसलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

चिमा फावडं घेऊन आली. तिनं गुलालासकट माती उकरली आणि भागोजीच्या पाटीत टाकली.

“चिमे, पेरताना म्हणायचं काय गो?” भागोजीनं हळूच विचारलं.

“काय म्हणायचं न्हाय. पुढल्या पेरणीला बी ओलं कर, ही माती चोळ, सावलीत सुकव. एका वाफ्यात माती न चोळलेलं बी पेर. आणि माझ्यावर इश्वास ठेवू नको, मास्तरांवर ठेवू नको. दोन्ही वाफ्यांतली रोपं उपट, नि आपल्या डोळ्यांनी बघ.”