गैरहजेरीचं कारण

आई झाशीच्या एका कॉलेजात शिक्षणशास्त्र शिकवायची. तिचं सारं संशोधन हजेरीपटातल्या एका रकान्यावर उभं होतं: मूल शाळेत का आलं नाही? तिच्या सांगण्यावरून पाच शाळा तेवीस वर्षं तो रकाना भरत होत्या. कुठल्या गल्लीतली मुलं पोट बिघडून घरी राहतात हे जुळवून पाहिलं, की पाणी कुठं खराब आहे ते दवाखान्याआधी शाळेला कळतं, असं ती म्हणायची.

तिचा शेवटचा लेख प्रेम नगरच्या शाळेवर होता. तिथं नवी पाइपलाइन आल्यापासून तीन महिन्यांत जुलाबानं एकही मूल घरी राहिलं नव्हतं. अंथरुणावरून तिनं तो तक्ता मला तीनदा वाचायला लावला. "शून्य, सरला. बघितलंस?" चार दिवसांनी ती गेली.

लेख पाठवायचं काम माझ्याकडे आलं. आकडे पडताळायला मी शाळेत गेले. तिथले मुख्याध्यापक जयसिंगजी आईचे जुने विद्यार्थी. त्यांनी हजेरीपट समोर ठेवले. पानोपानी एकच: मामाकडे, लग्नाला, मामाकडे.

"ऐन परीक्षा के वक़्त इतने बच्चे मामा के यहाँ?" मी विचारलं.

त्यांनी समोरचा हजेरीपट मिटला. "मैडमजी बीमार थीं, बिटिया. हर हफ्ते नकल मँगवाती थीं. उनको उल्टी-दस्त क्या पढ़वाते? मैंने ही सबसे कहा, अच्छा-अच्छा लिखो."

मला रागावता येईना. 'शून्य' म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते या माणसानं दिलं होतं. लेख तसाच धाडला असता तर कुणी काही विचारलं नसतं. प्रेम नगरातलं पाणीही मग कुणी तपासलं नसतं.

"जयसिंगजी, बच्चों से फिर पूछें?"

"अब? इनको कल की सब्ज़ी याद नहीं रहती."

तरी आम्ही सातवीच्या वर्गात गेलो. मी नाव आणि कारण वाचलं, तशी दुर्गा नावाची मुलगी ताडकन उभी राहिली.

"मामा के यहाँ? सर, मेरे मामा तो हमारे ही घर में पड़े रहते हैं! मैं चार दिन खाट पर थी."

वर्ग हसला. मग सगळेच बोलू लागले. कुणाला किती दिवस उलट्या, कुणाचा धाकटा भाऊ दवाखान्यात. दुपारपर्यंत सव्वीस मुलांची खरी कारणं मिळाली. त्यातली एकोणीस जुलाबाची, आणि ती सगळी मुलं एकाच गल्लीतली.

आईचा तक्ता मी खोडला आणि तिच्याच रीतीनं नवा मांडला. शून्याच्या जागी एकोणीस लिहिलं. त्याची प्रत जोडून जयसिंगजींनी पाणी खात्याला स्वतः अर्ज दिला. आधीची नोंद खोटी होती आणि ती आपण करवली, हेही त्यात लिहिलं.

आठवड्यानं दोन माणसं कुदळी घेऊन आली. नाल्याखाली नवा पाइप जोडावर उघडा पडलेला निघाला. जयसिंगजी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खड्ड्याच्या काठावर उभे होते. "और नीचे देखो, भैया," ते म्हणत होते, "अगला जोड़ भी देखो."