पान एकसष्ट

“ताई, माझ्या फाइलीत काय खटकलं गं तुझ्या मशीनला?” रणजितनं खुर्ची पुढं ओढत विचारलं. पडद्यावर एक ओळ लाल झाली होती.

स्वरूपाला हसू आलं. बारामतीच्या या व्हिसाच्या ऑफिसात परदेशी जाणाऱ्यांचे कागद तपासण्यात तिची सतरा वर्षं गेली होती. जन्मतारखेत एक आकडा चुकला की अर्ज परत आलाच म्हणून समजा. म्हणून मालकांनी चार महिन्यांपूर्वी एआय आणलं. दोनशे पानांचं बाड ते चहा निवायच्या आत वाचून काढायचं. आधी स्वरूपाला ते सवतीसारखं वाटलं. पण ते खरोखर चुका धरायचं, तेव्हा तिनं जुळवून घेतलं. शेवटची सही मात्र अजून तिचीच होती.

आज तर सख्ख्या धाकट्या भावाची फाइल. त्याला न्यूझीलंडच्या गोठ्यावर नोकरी लागली होती. परत यायला मागं काहीतरी आहे, हे दाखवण्यासाठी गावाकडच्या, बावड्याच्या शेतीचे कागद जोडलेले होते.

तिनं लाल ओळ मोठ्यानं वाचली, “वडिलांना मुलगा व मुलगी असे दोन वारस. सातबाऱ्यावर मात्र अर्जदार एकटाच. खुलासा हवा.” मग ती म्हणाली, “चुकतंय बघ ह्ये. आबांच्या मागं वारस लावले, तवा माझं बी नाव चढलं की.”

तेवढ्यात ती ओळ हिरवी झाली. ‘खुलासा सापडला. पान ६१, हक्कसोडपत्र. बहिणीने हिस्सा सोडला आहे. त्रुटी नाही.’

तिनं पान उघडलं. फोटो तिचा, अंगठा तिचा, सहीही तिचीच. ‘मी माझा हिस्सा राजीखुशीने सोडत आहे. भावाने दिलेली साडीचोळी पावली.’

आबा जाऊन दोन महिने झाले होते तेव्हा. ‘वारस लावायला तुझी सही लागती,’ म्हणत रणजितनं तिला इंदापूरच्या कचेरीत नेलं होतं. तिथल्या कारकुनानं विचारलंही होतं, “वाचलं का ताई?” त्यावर ती ठसक्यात म्हणाली होती, “भाऊ हाय माझा!” लोकांच्या कागदातला स्वल्पविराम न सोडणारी बाई स्वतःचा कागद न वाचता सही करून मोकळी झाली होती. बाहेर आल्यावर त्यानं तिला डाळिंबी साडी घेतली. बाप गेला तरी माहेर आहे मला, असं सांगत तिनं ती गल्लीभर मिरवली होती.

“सांगणार हुतो ताई. पर तू न्हाय म्हणली असतीस तर...”

“मागून तर बघायचं हुतंस.” स्वरूपा म्हणाली. “समदं दिलं असतं रं तुला.”

तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

“फाइल आडवू नगं,” रणजित खालच्या आवाजात म्हणाला. “शुक्रवारपातूर गेली न्हाय तर नोकरी दुसऱ्याला जाईल. पाया पडतो.”

शेऱ्याच्या रकान्यात ‘वारसाबाबत शंका’ एवढं लिहिलं असतं, तरी फाइल महिनाभर हलली नसती. तिची बोटं तिथवर गेलीही. पण कागद बिनचूक होते, आणि बिनचूक फाइल तिनं आजवर कुणाची अडवली नव्हती. तिनं सही केली आणि फाइल पुढं धाडली.

राहिला ऑफिसातच ठेवायचा तपासणीचा तक्ता. त्यात खाली विचारलेलं असे: तपासणाऱ्याचे अर्जदाराशी नाते. स्वरूपानं लिहिलं, ‘काही नाही.’

मशीननं ती ओळ लगेच लाल केली. ‘तपासणाऱ्याचे नाव आणि अर्जदाराच्या बहिणीचे नाव एकच आहे. दुरुस्त करायचे?’

रणजितनं ते वाचलं आणि तिच्याकडं पाहिलं. तिनं ‘नको’वर बोट दाबलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला हाक मारली, “या, आत या.”