हातातली बाटली

सकाळचे आठ. शर्यतीच्या वाटेवरचं पाण्याचं टेबल मागे पडून बराच वेळ झाला होता आणि रिकामी बाटली अजून तिच्या हातातच होती — पातळ प्लास्टिकची, बोटांखाली चेपणारी, पावलागणिक कुरकुरणारी.

बाकीच्या जणी दोन घोट घ्यायच्या आणि बाटली कडेला भिरकावून द्यायच्या. तिचा हात उघडत नव्हता. मागच्या निवड-शर्यतीतही असंच झालं होतं. दोन्ही हातांत बाटल्या घेऊन ती तिसरी आली, आणि निर्वासितांच्या संघात जागा दोघींनाच. लोक हसले. तिला धावायला शिकवणारे सर मात्र हसले नाहीत.

"भंगार गोळा करायला आली होतीस का गं?"

"हो, सर. विकलं तर अर्धे तुमचे," ती म्हणाली होती, आणि मग खोलीवर जाऊन उशीत तोंड खुपसून...

त्यानंतर सरांनी बाटली फेकण्याचा सराव करून घेतला. तिथे जमायचं. कारण सर गेले की ती परत येऊन सगळ्या बाटल्या वेचून न्यायची. हे सरांना माहीत नव्हतं.

आजही वळणावर सर उभेच होते. "टाक ती. हात मोकळा कर, पोरी."

हात मोकळा... याच हाताची मूठ मावशीने पाण्याच्या बाटलीभोवती वळवून दिली होती, ती सात वर्षांची असताना. गाव मागे जळत होतं, सगळे पळत होते आणि तिच्या हातून बाटली निसटली — तशी ती उलट फिरली, पळणाऱ्या पायांमधून, धुराच्या दिशेने, एकटीच. बाटली उचलली आणि पुन्हा सगळ्यांना गाठलं. मावशीने आधी थोबाडीत दिली. मग उजाडल्यावर ओढ्याचं पाणी त्याच बाटलीत भरून सगळ्यांना पाजलं. पुढे छावणीतल्या नळावरही तीच... आणि हे म्हणतात, खोड आहे, मोडायला हवी. खोड कसली? मी पहिल्यांदा धावले ती हिच्यासाठी. तुमच्या मैदानावर नाही, सर.

चढ लागला. मागच्या वेळी ती बाटल्या लपवत धावली होती, अंगाशी घट्ट धरून, चोरी पकडली गेल्यासारखी. खांदे आखडले ते त्याने. रिकाम्या बाटलीला वजन ते कितीसं?

तिने कोपर सैल सोडलं. हात झुलू लागला, बाटलीसकट, सगळ्यांना दिसेल असा. कुरकुर पावलांशी जुळली.

"टाक म्हटलं ना," मागून सरांचा आवाज आला.

"नाही टाकत."

बोलण्यात एक श्वास वाया गेला. जाऊ दे.

पुढे अजून दोघी होत्या, आणि संघात जागा आजही दोनच. त्यातल्या मागच्या मुलीने मान वळवून पाहिलं — कुरकुर कसली येतेय ते बघायला बहुधा. चढ बराच उरला होता, आणि त्या मुलीच्या पाठीवरचा आकडा आता वाचता येत होता.