टिकारामनं घासलेली चाबी

टिकाराम गजभिये तसा सोन्यासारखा माणूस, पण लोखंडाचा विषय निघाला की नाकावर माशी बसू द्यायचा नाही. भिलाईच्या कारखान्यात, मशीन शॉपमध्ये छत्तीस वर्षं काढलेली. रिसालीत घर बांधलं तेव्हा गेटची कडी स्वतः घडवली, जिन्याचा कठडा स्वतः जोडला. शेजाऱ्याचा पंखा कुरकुरला तरी हा न बोलावता स्टूल घेऊन हजर. आणि आपल्या वस्तूला दुसऱ्या कोणाला हात लावू देईल तर शपथ!

अशा माणसाच्या गाडीची चाबी हरवली. हरवली ती हरवली, नेमकी दसऱ्याला पाच दिवस असताना हरवली. रिसालीच्या बाजारात भाजी घेताना खिशातून कुठे पडली देव जाणे. पिशव्या उलट्या केल्या, भाजीवाल्यांची पोती झटकली, नालीत काडी घालून पाहिलं. छे! गाडी सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, तिची चाबी पहिल्यापासून एकच. "दुसरी बनवून ठेवा ना जी," असं त्याची बायको सुजाता दरवर्षी म्हणायची आणि हा दरवर्षी "पाहू" म्हणायचा. घ्या आता, पाहा!

एरवी टिकाराम महिनाभर सायकलवर फिरला असता आणि वर व्यायाम झाला म्हणाला असता. पण यंदा दसऱ्याला वच्छलावहिनीला नागपूरला न्यायचं होतं.

वच्छलावहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, शेषरावची बायको. टिकाराम सात वर्षांचा असताना भंडाऱ्याकडच्या गावात मायबाप पाठोपाठ गेले, तेव्हा शेषरावनं त्याला भिलाईला आणून कारखान्याच्या क्वार्टरात बायकोपुढे उभं केलं. ती तेव्हा अठरा वर्षांची, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. तिनं पोराला वरून खाली पाहिलं आणि एवढंच विचारलं, "जेवला का रे?" तिथून पुढे त्याच्या नाकातोंडाची, शाळेची, आयटीआयची, लग्नाची सगळी काळजी तिची. शेषराव गेल्यापासून ती टिकारामच्याच घरी होती.

छप्पन साली आठ वर्षांची वच्छला बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेली होती. पुढे दरसाल विजयादशमीला नागपूर ठरलेलं. पोरं लहान असोत की घरात आजारपण असो, रेल्वेत उभ्यानं जायची आणि उभ्यानं यायची. चार वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि रेल्वेची पायरी चढणं सुटलं. तिनं त्याबद्दल तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही. यंदा मात्र एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, "टिका, मले एकडाव नागपूरले नेशीन का रे? पुढच्या वर्षी मी असन का नसन."

इतक्या वर्षांत या बाईनं त्याच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. "नेतो ना वहिनी! घरून थेट नागपूरले. तुमी फक्त गाडीत बसा," असं म्हणून तो गाडी धुवायलाच गेला.

आणि आता ही गत. वहिनीला सांगायची सोय नव्हती. "गाडीची सर्विसिंग करून राहिलो" असं ठोकून दिलं आणि गडी कामाला लागला. कारण टिकारामच्या लेखी चाबी म्हणजे काय, तर लोखंडाचं एक पातं. भिलाईतल्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून न कापलेली कोरी चाबी आणली. ती दाराच्या कुलपात घालायची, जोर देऊन फिरवायची, बाहेर काढून भिंगाखाली धरायची. कुलपानं जिथं बारीक डाग पाडला असेल तिथं कानशीनं केसभर घासायचं आणि पुन्हा घालायची. सकाळी आठला बसला, जेवायला उठला नाही. सुजातानं तीनदा हाक मारली आणि तीनदा "हो" मिळाला. संध्याकाळी पाचला दार खट्ट करून उघडलं.

"अजी, उघडलं की!" सुजाता दारातून ओरडली.

"नाई तं काय!" टिकाराम सीटवर बसला, चाबी लावली, फिरवली. इंजिन धडधडलं. त्यानं मिशीला पीळ द्यायला हात वर नेला, तो मिशीपर्यंत पोचायच्या आत इंजिन बंद. पुन्हा फिरवली. दोन सेकंद चालू, मग बंद. दहा वेळा फिरवली, दहाही वेळा तेच.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चाबीत काही खोट असेल. पण टिकारामच्या चाबीत खोट? हं! त्यानं ठरवून टाकलं की पेट्रोल पोचत नाही. दुसऱ्या दिवशी फिल्टर काढला, पाइप फुंकले, प्लग घासले. तिसऱ्या दिवशी सीटखालचा पंप उपसला. अंगणात गाडीची आतडी मांडून ठेवली होती बिचाऱ्यानं.

"अजी, तो लाल दिवा पाहा ना जी," सुजाता काचेतून बोट दाखवत म्हणाली. "त्यावर चाबीचं चित्र आहे अन् तो लुकलुकून राहिला."

"तुले काय समजते गाडीतलं?"

सुजातानं स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. आधी भाड्याच्या गाड्यांना. दसऱ्याला नागपूर म्हटल्यावर सगळे हसले, त्यांच्या गाड्या महिन्यापूर्वीच ठरलेल्या. मग तिनं भिशीतल्या बाईकडून जुनवानीच्या खुशबूचा नंबर घेतला. ही खुशबू गाड्यांच्या चाब्या बनवते, तेही घरी येऊन. खुशबू म्हणाली, दसऱ्यापर्यंत एक मिनिट नाही. सुजातानं तिला वच्छलावहिनीचं सगळं सांगितलं, गुडघ्यांसकट. तेव्हा पलीकडून खुशबूचा सूर बदलला. मग, "आंटी, पत्ता भेजो. जेवणाच्या सुट्टीत येऊन जाते."

आली ती स्कूटीवर, पाठीला मोठी बॅग. पंचवीस-सव्वीसची असेल. टिकारामनं तिच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि तोंड फिरवून पंपाचे नट आवळत बसला. खुशबूनं हात पुढे केला. "काका, चाबी द्या."

त्यानं दिली. तिनं ती उन्हात धरली, नखानं खाचा चाचपल्या, आणि तिचा चेहराच बदलला. "ही कोणी बनवली? ही जुन्या चाबीवरून कापलेली नाही. कुलपावरून काढली आहे. असं काम दोघंच करतात काका, आमच्या धंद्यातले नाही तर गाड्या चोरणारे. आधी गाडीची आरसी दाखवा. मग मी बॅग उघडते."

झालं! टिकाराम उठला तो ताडकन. "चोर? मी? अवो पोरी, छत्तीस वर्ष मशीन शॉपमंदी घासलं मी! मायक्रॉन समजते का तुले, मायक्रॉन?"

आरडाओरडा ऐकून वच्छलावहिनी भिंत धरत धरत बाहेर आली. अंगणातला पसारा पाहिला, तिला सगळं उमगलं. तीन दिवसांचं सर्विसिंग! खुशबूला म्हणाली, "बाई, हा चोर असता तं बरं झालं असतं वो. मी याले मीठ आनाले पाठवो तं हा तेबी इसरून येये. चोरी काय याच्यानं होते?"

खुशबू फिसकन हसली. टिकाराममधली हवा निघाली. त्यानं मुकाट्यानं डॅशबोर्डातून आरसी काढून दिली. तिनं नाव वाचलं, आधार कार्डाशी ताडलं, आणि कान पकडला. "माफ करा काका. विचारावंच लागतं. नाही विचारलं तर उद्या तुमचीच गाडी कोणी नेईल."

हे मात्र टिकारामला पटलं. एका वाक्यात पोरीनं त्याला निम्मा जिंकला.

"पेट्रोलात काही बिघाड नाही," ती खाली बसत म्हणाली. बॅगेतून एक जुनी चाबी काढून तिचं प्लास्टिकचं डोकं तिनं फोडलं. आतून तांदळाच्या दाण्याएवढं काळं काहीतरी तळहातावर पडलं. "ही चिप. चाबी लावली की गाडी हिला विचारते, कोण आहेस? हिनं बरोबर जबाब दिला तर इंजिन चालू राहतं. नाही तर दोन सेकंदात बंद. तो लाल दिवा तेच सांगून राहिला."

सुजातानं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे तिचं मोठेपण.

"साध्या लोखंडी चाबीचा जमाना गेला का मंग?" टिकारामनं विचारलं. आवाज जरा बसलेला होता.

"आहे ना, ट्रकची, जुन्या जीपची अजून तशीच. मग ह्या चिपवाल्या. मग रिमोटवाल्या, बटण दाबलं की दार उघडतं. आणि नव्या गाड्यांची चाबी तर खिशातच राहते, लावायची पण नाही. पण काका, खरं सांगू?" तिनं त्याची चाबी पुन्हा हातात घेतली. "माझे बाबा सुपेल्याला फुटपाथवर बसून हातानं अशी चाबी काढायचे. त्यांच्यानंतर मी एवढं साफ काम पाहिलं नाही. हे पातं मी बदलणार नाही. नवं डोकं लावते, आत चिप टाकते, पातं तुमचंच."

टिकारामनं उगीचच पंपाचा नट पुन्हा एकदा आवळला. मग तासभर दोघं मिळून गाडीची आतडी परत आत बसवत होती. मी धरते, तुम्ही फिरवा. आता तुम्ही धरा. गाडीला परका हात लागत होता आणि हा पठ्ठ्या स्वतः पाने पुढे करत होता!

मग तिनं स्टिअरिंगखाली वायर जोडली, हातातल्या मशीनवर अक्षरं धावू लागली आणि मध्येच थांबली. तीन दिवस स्टार्टर मारून मारून टिकारामनं बॅटरी पार झोपवली होती. खुशबूच्या कपाळाला आठी पडली. आता मधेच वीज गेली तर गाडी कुठलीच चाबी ओळखणार नाही, म्हणाली. टिकाराम धावत जाऊन शेजारच्या पंजाबरावांची गाडी घेऊन आला. उभ्या आयुष्यात त्यानं पंजाबरावांकडे साधा पानासुद्धा मागितला नव्हता. बॅटरीला बॅटरी जोडली. दहा मिनिटं मशीनवर अक्षरं धावत राहिली. वच्छलावहिनी पायरीवर बसून हात जोडून मशीनकडे पाहत होती.

"फिरवा काका."

त्यानं फिरवली. इंजिन धडधडलं. दोन सेकंद झाले, पाच झाले, दहा झाले. लाल दिवा विझला. सुजातानं टाळ्याच वाजवल्या. खुशबूनं लगेच दुसरी चाबीही तयार करून दिली, ही ट्रंकेत ठेवा म्हणाली. घड्याळात तीन वाजले होते आणि पोरीच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. वहिनीनं तिला हात धरून आत नेलं आणि गरम भाकरीवर वांग्याचं भरीत वाढलं. खुशबू खाली मान घालून जेवली, दोनदा मागून घेतलं.

निघताना टिकाराम गेटपर्यंत गेला. दोन्ही हात जोडले. "बेटा, तुहे उपकार झाले. लय उपकार झाले. तू नसती आली तं मी वहिनीले तोंड दाखवू शकलो नसतो."

"अरे काका, बस करो," म्हणत ती लाजून स्कूटीवर बसली.

दसऱ्याच्या पहाटे तिघं निघाली. वच्छलावहिनी पांढरं शुभ्र पातळ नेसून पुढच्या सीटवर, सुजाता मागे डब्यांच्या राशीत. दुर्ग मागे पडलं, उजाडलं. रस्त्यानं निळे झेंडे लावलेल्या गाड्या चालल्या होत्या, पोरं खिडकीतून हात काढून जयभीम म्हणत होती, वहिनी प्रत्येकाला जयभीम घालत होती. मनसोक्त हसत होती बाई.

टिकाराम पुन्हा पुन्हा तिच्याकडे पाही. परवा त्या पोरीपुढे त्यानं हात जोडले. दोन-तीन तासांचं तिचं काम. आणि ही शेजारी बसलेली? हिला आपण कधी काय म्हटलं? त्यानं आठवून पाहिलं. सातव्या वर्षापासून आजपर्यंत, आठवून आठवून पाहिलं. एकदाही नाही. एकदासुद्धा नाही!

राजनांदगाव ओलांडल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

"बंद पडली का रे?" वहिनी घाबरली.

"नाई." त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. "वहिनी, मले काही म्हनाचं आहे. तुमी मले वाढवलं. मी तुमचे कधी आभारच मानले नाई. तुमी नसत्या तं मी कोठी राह्यलो असतो, काय झालो असतो... लय उपकार हायेत तुमचे माह्यावर." एवढं बोलून त्याचा बांध फुटला.

वहिनी समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाली,

"तू आला ना, तवा पहिले सहा महिने जेवून उठला की तू म्हने, 'जेवू घातलं, उपकार झाले जी.' पाव्हन्यावानी. मी रातभर रडो. म्हनो, या लेकराले मी परकी वाटून राहिली. मंग एक दिवशी भाजी खारट झाली तं तू ताट लोटून देल्लं अन् माह्यावर ओरडला. तुह्या भावाले मी म्हटलं, आज पोरगं घरचं झालं." ती त्याच्याकडे वळली. "तवापासून तू आभार मानले नाई, तेच माह्यं सुख होतं रे. आता म्हटलं ते म्हटलं. पुन्हा म्हनशीन तं मी इथंच उतरन."

मागे सुजाता हुंदके देत होती. टिकाराम खिशात रुमाल शोधू लागला, तो नेहमीसारखा घरीच राहिला होता. वहिनीनं आपल्या पांढऱ्या शुभ्र पातळाचा पदर पुढे केला. त्यानं मान हलवली, आज दीक्षाभूमीवर जायचं, डाग पडेल.

"पूस नाक," ती म्हणाली.

सहासष्ट वर्षांच्या टिकारामनं पदरात तोंड खुपसलं आणि खसाखसा नाक पुसलं.