दुआ संपेपर्यंत

भिंतीवरचा कागद बुरुल्चाने स्वतःच्या हाताने लिहिला होता. रक्त गरगर फिरवून त्याचा पातळ भाग वेगळा करणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या समोरासमोर ठेवाव्यात आणि त्या वजनाने सारख्या असाव्यात. जोडीला नळी नसेल तर समोर पाण्याची ठेवावी, नाहीतर तोल जाऊन यंत्र उधळतं. यंत्र पूर्ण वेग घेईपर्यंत बटणावरचा हात काढू नये. नळ्यांची फिरती चकती, म्हणजे रोटर, थांबल्याशिवाय झाकण उघडू नये. खाण्याची वस्तू आत आणू नये. नारीनच्या डोंगराळ मुलखातल्या आमच्या तालुक्याच्या गावात ती सव्वीस वर्षं मेंढपाळांचं रक्त तपासत होती, आणि प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला तो कागद पाठ करायला लावत होती. कुणी चुकलं की चारचौघांत पाणउतारा ठरलेला. बाईच्या जिभेला हाड नव्हतं. आणि एवढ्या कडक बाईने मे महिन्यात अकरा नळ्या भरल्या, बारावी ठेवायची विसरली.

झालं असं. राजधानीतल्या कुठल्याशा इस्पितळाने वापरून सोडलेलं सेंट्रिफ्यूज आमच्याकडे आलं. तिकडे जुनं, इकडे नवं. संचालक शार्शेन हौशी माणूस. नव्या वस्तूला वडीलधाऱ्याची दुआ हवीच, म्हणून त्याने गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या जापार अक्साकालना बोलावणं धाडलं.

"बंद यंत्राला कसली दुआ देणार?" शार्शेन म्हणाला. "फिरतं असू दे. फिरत्या यंत्राला लागते ती."

नळ्या मांडायच्या बाकावरच, यंत्राशेजारी, चादर पसरून बोर्सोकचे तळलेले पिठाचे गोळे, लोणी आणि चहाची भांडी मांडली गेली. बुरुल्चाने नाक मुरडलं, पण अशा दिवशी भिंतीवरचा कागद कोण वाचून दाखवणार? उन्हाळी कुरणावर निघालेल्या अकरा मेंढपाळांचं रक्त सकाळीच घेतलं होतं. मेंढ्यांकडून माणसाला लागणारा, महिनोन्‌महिने न हटणारा ताप त्यांच्यापैकी कुणात आहे का, ते बघायचं होतं. ती नळ्या रोटरमध्ये ठेवत होती, तेवढ्यात बाहेर "आले, आले" असा गलका झाला. ती हात पुसत दारात गेली, म्हाताऱ्याला कोपराशी धरून आत आणलं, उबदार जागी बसवलं. मग परत येऊन झाकण लावलं, बटण दाबलं आणि बाकीच्यांबरोबर तळवे पसरून बसली. पाण्याची नळी स्टँडमध्येच राहिली.

जापार अक्साकालांची दुआ लांबलचक. यंत्रापासून सुरुवात झाली, मग डॉक्टर, मेंढ्या, सुना, वाटा, घाट. यंत्र आधी गुरगुरलं. मग बाकावरच्या पेल्या किणकिणू लागल्या. बुरुल्चाच्या डोळ्यांसमोर स्टँडमधली पाण्याची नळी आली. चार पावलांवर बटण होतं. पण दुआ चालू असताना कुणी उठत नाही. पसरलेले तळवे कुणी मिटत नाही. आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ते कळतं.

शेजारी आयचुरेक बसली होती. चोवीस वर्षांची, कामाला लागून वर्ष झालेली, बुरुल्चाला थोरली बहीण मानून "एजे" म्हणणारी, सदानकदा "राहू द्या, एजे, मी करते" म्हणत बुरुल्चाच्या हातातली बादलीसुद्धा काढून घेणारी. तिनेही आवाज ओळखला. ती अर्धवट उठली.

बुरुल्चाने तिच्या झग्याचा काठ धरला आणि तिला खाली खेचलं. "बस," ती दातांत म्हणाली. "लाज आणशील."

यंत्र थडथडत बाकाच्या कडेकडे सरकत होतं. अक्साकालांनी "ओमीन" म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले आणि त्याच क्षणी आयचुरेक झेपावली. म्हाताऱ्याच्या पायांवर पडायला आलेलं ते धूड तिने दोन्ही हातांनी अडवलं, गुडघ्याने वायर उपटली. सैल कडीचं झाकण हिसक्याने उघडलं, आतल्या नळ्यांचा चुरा उडाला आणि काचेची एक कपची तिच्या मनगटात घुसली. बोर्सोकवर अकरा माणसांचं रक्त पडलं होतं.

शार्शेनने सगळ्यांना बाहेर काढलं. जखम धुऊन झाल्यावर, पांढराफटक पडून त्याने विचारलं, "नळ्या कुणी भरल्या होत्या?"

बुरुल्चाने तोंड उघडलं. उघडलं होतं, एवढं खरं. त्यातून शब्द फुटायच्या आधीच आयचुरेक शार्शेनला थोरल्या भावाच्या हाकेने म्हणाली, "मी, बाइके." वडीलधाऱ्यांची चूक धाकट्याने अंगावर घ्यायची, अशीच तिला वाढवलेली. खुलाशाचा कागद आला, त्यावर मुलीने सही केली आणि बुरुल्चाने तोंड मिटलं.

मुलीला यंत्रावरून काढून नळ्या धुवायला बसवलं. तिला तीन आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि पुढचे सहा महिने ठरल्या दिवशी रक्त तपासायचं ठरलं. मेंढपाळांना घाट उतरून पुन्हा यावं लागलं; त्यांच्यातल्या दोघांना ताप निघाला. म्हणजे मुलीच्या मनगटात गेलेलं रक्त चांगलं नव्हतं. रोटरला तडा गेला होता, म्हणून ठरल्या दिवशी बुरुल्चा कपाटातलं जुनं यंत्र काढायची. मुलीची एक नळी, समोर पाण्याची एक. ती दोन्ही तराजूत तोलायची, पुन्हा तोलायची, थेंबाथेंबाने पाणी काढायची. आयचुरेक बाही सावरत बघत असायची. बुरुल्चाला रोज स्वतःची किळस यायची आणि रोज ती एप्रनची बटणं लावून कामाला लागायची.

नोव्हेंबरात नवा रोटर आला. शार्शेनची हौस काही फिटलेली नव्हती. त्याने पुन्हा अक्साकालना बोलावलं. ते आले, पण पायरीजवळच्या बाकावर बसले, आत येईनात.

"तुमचं यंत्र आधी फिरवून, बंद करून घ्या," ते म्हणाले. "माझी दुआ उलटलीय. नातीच्या लग्नातसुद्धा मी हात पसरले नाहीत."

बुरुल्चा चहा घेऊन बाहेर आली होती. तिने पेली त्यांच्या हातात दिली. म्हाताऱ्याने सहा महिने दुआ देणं सोडलं होतं, आणि तेही तिच्यापायी.

"अक्साकाल, दुआ नाही उलटली," ती म्हणाली. "नळी मी विसरले. मुलीने नाही. ती बंद करायला उठली होती, मीच तिला खाली ओढलं."

म्हाताऱ्याने चहाचा घोट घेतला.

"मी चाळीस वर्षं कापणीचं कंबाइन चालवलं," ते म्हणाले. "बेअरिंग रडायला लागलं की मला झोपेतसुद्धा कळतं. तेव्हाही कळलं होतं."

"मग थांबला का नाहीत?"

"तुम्ही शिकलेली माणसं, सगळी हात पसरून बसलेली. मला वाटलं, नव्या यंत्राचा आवाज असाच असेल. मध्येच थांबलो तर म्हणाल, म्हातारा घाबरला." त्यांनी पेली खाली ठेवली. "पण हे मला सांगून काय उपयोग, पोरी? काच माझ्या हातात गेली नव्हती. जा आत."

ती आत गेली. शार्शेन रोटर पुसत होता, आयचुरेक मोरीशी नळ्या घासत होती. बुरुल्चाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अकरा नळ्या, विसरलेली बारावी, झग्याचा काठ. शार्शेनने फडकं टाकलं.

"सहा महिने?" तो म्हणाला. "एजे, सहा महिने?"

शरमेने बुरुल्चाचे कान तापले होते. आयचुरेकने नळ बंद केला नाही.

त्या दिवशी मुलीची शेवटची तपासणी होती. नव्या रोटरमध्ये पहिलं तिचंच रक्त गेलं. तोलून समोर पाणी ठेवलं ते आयचुरेकने. जापार अक्साकाल दारापर्यंत आले आणि तिला म्हणाले, "तू बसू नको. एक हात दुआला पसर, दुसरा बटणावर राहू दे. खुदाला एक हात पुरतो." यावेळची दुआ चहा निवायच्या आत संपली. यंत्र घरघरत राहिलं, थडथडलं नाही.

रोटर पूर्ण थांबल्यावर झाकण उघडलं. बुरुल्चाने रक्तावर सुटलेल्या सीरमचा थेंब गुलाबी औषधात मिसळून काचपट्टी हलवली. चार मिनिटं बघत राहिली. ताप असता तर त्यात कण धरले असते. धरले नाहीत.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "तू... खूप राग आला असेल माझा."

"राग नाही, एजे," आयचुरेक म्हणाली. "रोज सकाळी तुम्ही एप्रन घालताना वाटायचं, आज सांगतील. मग तुम्ही बटणं लावून कामाला लागायचात."

बुरुल्चा खाली बघत मोरीशी आली. घासायच्या नळ्यांचा ढीग तसाच होता. तिने बाह्या वर केल्या आणि ब्रशसाठी हात पुढे केला.

आयचुरेकने ब्रश दिला. राहू द्या, एजे, असं ती म्हणाली नाही.